हौदाभोवतीचा चिखल आणि यकृतकृमी

यकृतकृमीचं औषध पाजलं, जनावर सुधारलं आणि काही महिन्यांत पुन्हा जबड्याखाली पाणी उतरलं, दूध आटलं, अंगावरची तकाकी गेली. असं होत असेल तर औषध बदलण्याआधी हौदाभोवती एक चक्कर मारा. तिथे बारमाही चिखल असेल तर घोटाळा बहुधा तिथेच आहे.

शेणातून पडलेली कृमीची अंडी कोरड्यात वाया जातात. पाणी आणि ऊब मिळाली तर १०-१२ दिवसांत त्यांतून अळी निघते. तिला २४ तासांत योग्य गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. सापडली तर पाच-सात आठवड्यांत एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताला चिकटतात आणि जेमतेम दिसेल एवढं कवच करून बसतात. जनावर ते गवत खातं. गोगलगायीला हात लावून हा रोग होत नाही, तो गिळला जातो. माणसालाही तसाच होतो, म्हणून पाण्यात वाढणारी भाजी कच्ची खाऊ नये.

गोगलगाय त्यातलीच आहे का, हे ओळखायला तिच्या शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरून बघा. शंख पातळ, तपकिरी आणि तोंड उजवीकडे असेल तर संशय घ्या. डावीकडे असेल तर ती बहुधा दुसऱ्या कुळातली.

आता हौद. संध्याकाळी जनावरं बांधल्यावर पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारा. सकाळी पाणी रेघेच्या वर असेल तर फ्लोट व्हॉल्व (हौद भरला की पाणी थांबवणारी तोटी) बंद होत नाही. बहुतेकदा वॉशर झिजलेला असतो किंवा त्याखाली क्षार जमलेले असतात. वॉशर सुटा मिळतो, पूर्ण व्हॉल्व घेऊ नका. फ्लोटचा दांडा असा लावा की पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली ५ सेंमी थांबेल. ओव्हरफ्लोचा पाइप शोषखड्ड्यात सोडा, उघड्यावर नको. भोवती किमान दोन मीटर खडी किंवा काँक्रीट हवं. नुसता मुरूम खुरांखाली पुन्हा चिखल होतो. दर आठवड्याला हौद रिकामा करून भिंती ब्रशने घासा. काचेसारखे पारदर्शक, बुळबुळीत पट्टे दिसतील, ती गोगलगायीची अंडी. खरवडून उन्हात टाका.

गोगलगायी मारायला पाण्यात मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकू का, हे नेहमी विचारलं जातं. टाकू नका. मासे मरतात, मेंढ्यांना तांबं झटकन बाधतं, आणि चिखलात दडलेली एक गोगलगाय वाचली तरी पुरते. तिला जोडीदार लागत नाही.

पाणथळीतला चारा कापायचाच असेल तर बुडख्याकडचा भाग सोडून वरचाच कापा. कवचं खालच्या देठांवर जास्त असतात.

कृमी गिळल्यापासून त्याची अंडी शेणात दिसायला १० ते १६ आठवडे लागतात. तोवर शेणतपासणी स्वच्छ येते, यकृत मात्र पोखरलं जात असतं. ऑक्सिक्लोझानाइड फक्त वाढ झालेल्या कृमींवर चालतं, ट्रायक्लाबेंडाझोल लहानांवरही. कोणतं, किती आणि त्यानंतर किती दिवस दूध काढून टाकायचं, हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवा.