केल्ट : ज्यांचा ‘प’ गळाला

संस्कृतात पितृ, लॅटिनमध्ये पातेर. जुन्या आयरिशमध्ये मात्र बापाला ‘अथर’ म्हणत. आपल्या ‘पूर्ण’चा आयरिश भाऊ ‘लान’. शब्द एकाच घरातले, फक्त सुरुवातीचा ‘प’ गळालेला. केल्टिक भाषा ओळखायची ही पक्की खूण. (वेल्शमध्ये पाचाला ‘पिम्प’ म्हणतात हे खरं, पण तो ‘प’ नंतर ‘क्व’पासून झाला.) केल्ट म्हणजे या भाषा बोलणारे युरोपातले प्राचीन लोक. ते कोण, हे मी भाषेपासून सांगतोय, कारण भांडी आणि तलवारी इथे फसवतात. तलवार काय, कोणीही विकत घेतो.

तरी पुरावा जमिनीतूनच यायला लागला. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावी मिठाची खाण सांभाळणाऱ्या योहान रामसाउअर यांना 1846 मध्ये थडगी सापडली, सुरुवातीच्या केल्टांशी जोडली जाणारी. 1863 पर्यंत त्यांनी हजाराच्या आसपास थडगी खणली. खाणीतल्या मिठाने तर सगळंच टिकवलं: कापड, चामड्याच्या पाठपिशव्या, मजुरांची विष्ठासुद्धा! 2021 मध्ये त्या विष्ठेतल्या लोहयुगीन नमुन्यात निळ्या चीजची बुरशी आणि बीअरचं यीस्ट सापडलं. खाणमजुराचा डबा एवढा झकास असेल असं कोणाला वाटलं होतं?

पुढे हे लोक दूरवर पांगले. इ.स.पू. 390च्या सुमारास त्यांनी रोम लुटलं, 279 मध्ये ग्रीसमधल्या डेल्फीपर्यंत धडक मारली, आणि त्यांच्यातल्या काही टोळ्या तुर्कस्तानातल्या आजच्या अंकाराच्या आसपास जाऊन वसल्या. बायबलमधलं ‘गलतीकरांस पत्र’ त्या प्रदेशाला उद्देशून आहे. इटलीतल्या मिलान शहराचं जुनं केल्टिक नाव मेदिओलानम, बहुधा ‘मधलं मैदान’. मेदिओ म्हणजे आपला मध्य, आणि लॅटिन ‘प्लानुम’मधला ‘प’ इथेही गायब.

पण पांगलं कोण? माणसं, की नुसती भाषा आणि फॅशन? दर ठिकाणचं उत्तर वेगळं. 2022 मध्ये प्राचीन डीएनएच्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं, की कांस्ययुगाच्या उत्तरार्धात मुख्य युरोपातून दक्षिण ब्रिटनमध्ये बरीच माणसं आली आणि लोहयुगापर्यंत तिथला जवळपास निम्मा वंशवारसा त्यांचा झाला. त्यांच्याबरोबरच केल्टिक भाषा आली असावी, असा संशोधकांचा कयास आहे. गंमत म्हणजे ग्रीक-रोमन लेखकांनी ब्रिटनच्या लोकांना केल्ट म्हटलंच नाही. ते नाव त्यांना चिकटलं 18व्या शतकात, भाषांच्या तुलनेतून.

मला सगळ्यात भावलं ते जर्मनीतलं प्रकरण. होखडॉर्फच्या टेकाडाखाली एक उंचापुरा सरदार ब्राँझच्या कोचावर निजवलेला होता, बुटांवर सोन्याचा पत्रा, पायाशी मधाच्या दारूची 500 लिटरची कढई. तिथून दहाएक किलोमीटरवर आस्पेर्गला दुसरं तसंच श्रीमंत थडगं. 2024 मध्ये डीएनए जुळवला तर हे दोघे बहुधा मामा-भाचे निघाले. गादी बापाकडून मुलाकडे नव्हे, तर बहिणीच्या मुलाकडे गेलेली दिसते. इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या दफनभूमीतही 2025च्या अभ्यासात बहुतेक माणसं एकाच आईच्या वंशातली निघाली, बाहेरून आलेले पुरुष वेगळे. म्हणजे लेकी माहेरीच राहत आणि जावई घरजावई होऊन येत.

इ.स.पू. 52 मध्ये आलेसियाच्या किल्ल्यात गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, केल्टांचा सेनानी वेर्किंगेतोरिक्स रोमन सेनापती सीझरला शरण गेला आणि गॉल रोमचं झालं. त्याच्या नावातलं ‘रिक्स’ म्हणजे राजा, अगदी आपलाच. गॉलची भाषा काही शतकांत विझली. आयरिश, वेल्श आणि फ्रान्समधली ब्रेटन या तिच्या बहिणी अजून बोलल्या जातात. 2021च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे 5 लाख 38 हजार निघाले.

लोखंडाची धाव तापवून चाकावर चढवण्यात केल्ट लोहार पटाईत होते. रोमनांनी त्यांच्या गाडीचं नावही उचललं: गॉलिश ‘कार्रोस’, लॅटिन ‘कार्रुस’. फ्रेंच-इंग्रजीतून फिरत तो शब्द आपल्याकडे आला, आणि आता आपण रोज त्याला पार्किंग शोधत हिंडतो.