जागेवरचं घरकुल की योजनेतला फ्लॅट?

जळगाव, धुळे, भुसावळकडे 'आवास योजनेचं घर' या एकाच नावाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी बोलतात, आणि मग भलत्याच कागदांसाठी हेलपाटे घालतात. शहरी प्रधानमंत्री आवास योजना जून 2015 मध्ये सुरू झाली. तिच्यातली एक वाट स्वतःच्या जागेवर बांधण्याची, दुसरी भागीदारी प्रकल्पातला, म्हणजे शासनाने सरकारी किंवा खासगी संस्थेसोबत उभारलेल्या इमारतीतला फ्लॅट घेण्याची. अनुदान दोन्हीकडे सारखंच: केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अटही सारखी.

फरक जागेचा आहे. पहिल्या वाटेला उतारा आपल्या नावावर लागतो. बापजाद्यांचं धाब्याचं घर उतरवून तिथेच स्लॅब पडतो. शेजार, पोरांची शाळा, दालमिलमधलं काम, काहीच सुटत नाही. पण हप्ते पाया, स्लॅब असं काम पुढे सरकेल तसे मिळतात, म्हणजे आधी पदरचे घालायचे. घरकुल 30 चौरस मीटरचं धरलं, तर ते सुमारे 323 चौरस फूट होतं. चौरस फुटाला दीड हजार धरले, तरी खर्च 4 लाख 80 हजारांच्या वर जातो. उरलेली रक्कम बचत गटाकडून किंवा सावकाराकडून येते, आणि बांधकाम होईस्तोवर खोलीचं भाडं वेगळं. नोटरीवर प्लॉट घेतलेल्यांची मला सर्वांत काळजी वाटते: जागा ताब्यात आहे, उतारा नाही, त्यामुळे अर्ज अडतो.

ज्याच्याकडे जागाच नाही, त्या भाडेकरूला दुसरी वाट. मात्र शेकडो घरांना लागणारी सलग जमीन परवडते ती बहुधा शहराच्या कडेला. बाजार समितीत पहाटे पोचणाऱ्या हमालाला रोजचं रिक्षाभाडं पडतं, त्यात मेंटेनन्सची भर. कर्जासाठी बँक पगाराची स्लिप मागते, ती त्याच्याकडे नसते. उन्हाळ्यात बिबडे-पापड करून विकणाऱ्या बाईला सामाईक गच्चीवर रोज किती जागा मिळणार?

माझं मत स्पष्ट आहे: उतारा असेल तर जागा सोडू नका. फ्लॅटच घ्यायचा असेल, तर पैसे भरण्याआधी पहाटे तिथे जाऊन उभे राहा. रिक्षा मिळते का बघा, आणि पाणी किती दिवसांआड येतं ते आधी राहायला आलेल्या बायांना विचारा.