१२०० बॉडच का? हौशी पॅकेट रेडिओची पार्श्वभूमी

पॅकेट रेडिओकडे, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे (पॅकेट) रेडिओवरून पाठवण्याच्या पद्धतीकडे, नव्याने वळलेला हॅम (परवानाधारक हौशी रेडिओचालक) पहिल्या दिवशीच विचारतो, आणि बरोबरच विचारतो: घरोघरी फायबर आलं तरी इथला वेग अजून १२०० बॉडच का? १२०० बॉड म्हणजे इथे सेकंदाला १२०० बिट, जास्तीत जास्त दीडशे अक्षरं. याचं उत्तर टेलिफोनच्या जुन्या मॉडेममध्ये, म्हणजे संगणकाच्या बिटांचे सूर करून तारेवरून पाठवणाऱ्या यंत्रात, सापडतं. ते कळलं की रेडिओची संगणकाशी जोडणी ठरावीक पद्धतीनेच का करायची, हेही आपोआप उमगतं.

मूळ कल्पना हवाई बेटांवरची. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरच्या टर्मिनलना विद्यापीठातला एक संगणक रेडिओवरून वापरता यावा, एवढाच हेतू. मजकुराचे छोटे तुकडे करायचे आणि पाठवून द्यायचे. पोच आली तर ठीक. नाही आली तर कुणाशी तरी टक्कर झाली असं समजायचं, थोडं थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. कुणी किती थांबायचं हे नशिबावर सोडलेलं, म्हणून तेच दोघे पुन्हा सहसा धडकत नाहीत. हॅम मंडळींनी यात आपली जुनी सवय मिसळली: आधी कान द्यायचा, वारंवारता मोकळी असेल तरच बोलायचं.

मे १९७८ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या हौशी मंडळींनी पॅकेटचं पहिलं प्रात्यक्षिक केलं. पाठोपाठ व्हँकुव्हरमध्ये डग लॉकहार्ट यांच्या गटाने त्यासाठी खास सर्किट बोर्ड तयार केला. टर्मिनल आणि रेडिओ यांच्यामध्ये बसणारा हा मध्यस्थ म्हणजे टीएनसी, टर्मिनल नोड कंट्रोलर. अमेरिकेत हॅमना आस्की अक्षरसंच वापरायची मुभा १९८० मध्ये मिळाली. त्याच डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को परिसरात हॅन्क मॅग्नुस्की यांनी पॅकेटचा रिपीटर चालू केला. आलेलं पॅकेट क्षणभर साठवून त्याच वारंवारतेवर पुढे पाठवणारा.

आता त्या १२०० कडे. या मंडळींना हाताशी सहज मिळणारं तंत्र होतं ‘बेल २०२’ जातीच्या टेलिफोन मॉडेमचं. त्यात दोनच सूर: १२०० हर्ट्झ आणि २२०० हर्ट्झ. दोन्ही माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात बसतात. त्यामुळे साधा बोलायचा एफएम सेट न उघडता, माइकच्या वाटेने सूर आत आणि स्पीकरच्या वाटेने बाहेर, एवढ्यावर काम भागलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. वेग कमी पडला, पण ज्याच्याकडे सेट होता त्या प्रत्येकाला दार उघडं झालं.

ॲरिझोनातल्या टूसॉनच्या ‘टॅपर’ या संस्थेने ते दार आणखी रुंद केलं. तिचा टीएनसी-२ हा झेड-८० प्रोसेसरवरचा डबा १९८५ मध्ये आला आणि त्याच्या नकला जगभर झाल्या. आजच्या कित्येक टीएनसींवर दिसणारी आज्ञांची भाषा त्याच घराण्यातली.

१९८४ मध्ये एएक्स.२५ हा पॅकेटच्या रचनेचा नियमसंच छापून आला. टेलिफोन कंपन्यांच्या एक्स.२५ या नियमसंचावरून तो बेतला होता, पण पत्त्याच्या जागी कॉलसाइन, म्हणजे हॅमला परवान्यासोबत मिळणारी ओळखखूण, आलं: सहापर्यंत अक्षरं-अंक आणि मागे ० ते १५ मधला एक आकडा. एकाच हॅमचा घरचा सेट, गाडीतला सेट, मेलबॉक्स (निरोप साठवून ठेवणारं केंद्र) यांना या आकड्याने वेगळं ओळखता येतं. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचं कॉलसाइन असतंच, म्हणजे ओळख सांगण्याचा कायद्याचा दंडक पॅकेटच्या रचनेतच पाळला जातो.

पुढे मेलबॉक्स आले, पॅकेट पुढे पोचवणाऱ्या केंद्रांची, नोडांची, जाळी विणली गेली. फिल कार्न यांनी हॅम रेडिओवर टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटचा नियमसंच, चालवून दाखवलं. ४४ ने सुरू होणारे इंटरनेट पत्ते तर हॅमसाठीच राखून ठेवले होते. त्यांपैकी चौथा हिस्सा २०१९ मध्ये ॲमेझॉनला विकला गेला. नव्वदच्या दशकात घरात इंटरनेट शिरलं आणि बहुतेक मेलबॉक्स ओस पडले.

टिकलं ते एपीआरएस, म्हणजे कोण कुठे आहे यासारखी माहिती पॅकेटने कळवण्याची पद्धत. बॉब ब्रुनिंगा यांनी १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोडदौडीत घोडे कुठवर पोचले हे कळवण्यासाठी कमोडोर व्हिक-२० या घरगुती संगणकावर त्याचं आधीचं रूप चालवलं होतं. आज उत्तर अमेरिकेत १४४.३९० आणि युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झवर तेच १२०० बॉडचे सूर ऐकू येतात.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. हॅमचा निरोप घ्यायचा, साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तिथे उतरवायचा, हे त्याचं काम.

आज टीएनसीचा डबा नसला तरी चालतं. ‘डायर वुल्फ’सारखं सॉफ्टवेअर संगणकाच्या साउंड कार्डवर तेच काम करतं. भारतात हॅम लायसन्ससाठी परीक्षा द्यावी लागते. पहिला अडथळा मात्र बहुधा आवाजाचा असतो. सूर फार मोठा सोडला तर सेट तो कापतो, आणि कानाला खणखणीत वाटलेलं पॅकेट पलीकडे उलगडतच नाही. दुसरी खोच ‘टीएक्स डिले’ची. पीटीटी (प्रक्षेपण सुरू करायचं बटण) दाबल्यावर सेट पूर्ण जोरात यायला क्षणभर लागतो. तेवढं न थांबता मजकूर सोडला तर सुरुवातच कापली जाते. तीनशे मिलिसेकंदांपासून सुरुवात करा, आणि पॅकेट पोचू लागली की ते हळूहळू कमी करत जा.