फोटो घरच्याच डब्ब्यात ठेवायचं हे खूळ आलं कुठून

आपल्या वऱ्हाडाकडच्या खेड्यात पण आता एखाद्या घरी राउटरच्या बाजूला काळा डब्बा दिसून राहिला, आत दोन हार्डडिस्क, अन् घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलचे फोटो त्यात जाऊन पडतात. याला नॅस म्हणतात. लोकांना वाटते हे नवीनच निघालं, पण याची मुळं 40 वर्षं जुनी आहेत. एका कॉम्प्युटरवरच्या फायली सगळ्यांनी वापरायच्या म्हणून सन या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीनं 1984 मध्ये एनएफएस नावाची पद्धत काढली, तेही ऑफिसांसाठी. 1988 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन अन् कॅट्झ या तिघांनी मांडलं की एका महागड्या डिस्कपेक्षा स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क जोडा, तेच रेड. पुढं 2000 मध्ये तैवानात सिनॉलॉजी ही नॅस बनवणारी कंपनी सुरू झाली अन् हा प्रकार हळूहळू घरात शिरला.

आपल्याकडं तेव्हा रोलचा जमाना. 36 फोटोचा रोल, तालुक्याला स्टुडिओत धुवायला द्यायचा, लग्नाचा अल्बम घरी अन् निगेटिव्ह बहुतेक स्टुडिओवाल्याकडंच. मग सीड्या आल्या, त्यावर ओरखडे पडले. मग मेमरी कार्ड, मोबाईल दुकानात पेनड्राइव्हवर कॉपी करून घेणे वगैरे. म्हणजे आपले फोटो कधीच धड आपल्याकडं नव्हते, हे माझं मत.

खरा बदल केला तो गूगल फोटोजनं. मे 2015 मध्ये आलं, 16 मेगापिक्सलपर्यंतचे फोटो थोडे दाबून कितीही ठेवा, फुकट. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा पण फुकट, मग काय, पोळ्याच्या बैलाचे, गव्हाच्या सोंगणीचे, पोराच्या बारशाचे सगळे फोटो चालले वर गूगलकडं, कोणी हिशोबच ठेवला नाही. अन् 1 जून 2021 पासून नवीन फोटो फुकटच्या 15 जीबीत मोजणं सुरू झालं, त्यातच मेल अन् ड्राइव्ह पण. जुने फोटो धरले नाहीत ते बरं, पण दर महिन्याचे पैसे म्हटल्यावर लोक विचार करायला लागले. त्याच जून महिन्यात सिनॉलॉजीनं आपलं नवीन फोटो ॲप आणलं, अन् 2022 मध्ये इमिच निघालं, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर फोटो ठेवायचं सॉफ्टवेअर, अलेक्स ट्रॅन नावाच्या माणसानं घरच्या बाळाच्या फोटोंसाठी सुरू केलेलं, फुकट अन् ओपन सोर्स. जुन्या कॉम्प्युटरवर पण चालते, चेहरे ओळखते. पहिली स्टेबल आवृत्ती मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये आली, तोवर दर अपडेटला जीव मुठीत.

आता आपल्या भागाची गोष्ट वेगळी आहे न बा. घरगुती नॅसच्या कागदावर बहुतेक 40 अंशापर्यंतच चालवा असं लिहिलं असते, अन् मे महिन्यात अकोला, चंद्रपूर 45 च्या वर, त्यात पत्र्याची खोली असली तर विचारूच नका. डिस्कवर लिखाण चालू असताना लाईन गेली तर फोटोंची नोंद ठेवणारा डेटाबेस बिघडू शकते, म्हणून नॅस अन् राउटर दोन्ही यूपीएसवर पायजे. अन् रेड म्हणजे बॅकअप नव्हे! एक डिस्क मेली तर दुसरी सांभाळून घेते, पण पावसाळ्यात वीज पडली तर दोन्ही सोबतच जातात, म्हणून एक कॉपी साध्या यूएसबी डिस्कवर काढून दुसऱ्या गावी, मामाकडं नाहीतर बहिणीकडं ठेवणारे लोक मला जास्त शहाणे वाटतात.