ओसरत्या वाड्यांतील शाळा व आरोग्यसेवा (दक्षिण कोकण)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत माणसे कमी होत चाललेल्या वाड्यांपर्यंत शाळा व दवाखाना पोचण्याचा प्रश्न. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली, या दोन जिल्ह्यांची मात्र घटली : रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. नोकरीसाठी मुंबईकडे गेलेल्या चाकरमान्यांची गैरहजेरी या आकड्यात दिसते. गणपती आणि शिमग्याला उघडणारी अनेक घरे एरवी कुलूपबंद असतात.

कोकणातले गाव एकगठ्ठा वसलेले नसते. गावठाण एकीकडे, वाड्या आणि कोंड (छोट्या वस्त्या) डोंगरउतारावर विखुरलेले, मध्ये पऱ्या म्हणजे ओढा, चढायला जांभ्याची पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट. धनगरवाड्या तर थेट सह्याद्रीच्या माथ्याजवळ. शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. कागदावरचा हा एक किलोमीटर आषाढात पऱ्याला पाणी आले आणि त्यावरचा साकव (छोटा पूल) धोक्याचा झाला की वळसा घेऊन कितीतरी लांबतो. सहा वर्षांच्या पोराला तो रोज दोनदा चालायचा असतो.

शाळा टिकते ती पटावर. १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय राज्याने २०१७ च्या अखेरीस जाहीर केला. सरकारी भाषेत याला 'समायोजन' म्हणतात. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचा प्रस्ताव आला. चार-पाच मुलांच्या वर्गात शिकणे-खेळणे खुंटते, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण वाडीतली शाळा गेली की आई मुलांना घेऊन तालुक्याच्या गावी खोली करते आणि मागे सासूसासरे उरतात. पट पुन्हा वाढण्याची आशा तिथेच संपते. पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. त्याचा उपयोग वाडीखालच्या फाट्यावर गाडी वेळेत आली तर.

आरोग्यसेवेची मोजणीही माणशीच. डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे (सपाटीवर ५,००० आणि ३०,०००). या हिशेबात वय धरलेले नाही. वाडीत राहिलेली माणसे बहुतेक म्हातारी : रक्तदाब, मधुमेह, गुडघे, मोतीबिंदू. माणसे घटली तरी औषधाची गरज घटत नाही. रोजच्या पातळीवर भार असतो आशा सेविकेवर, आणि तिलाही वाड्या पायीच गाठाव्या लागतात. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथवर आजाऱ्याला डोलीत किंवा खुर्चीला बांबू बांधून न्यायचे. खांदा द्यायला तरुण किती उरलेत, हा सवाल इथे अगदी शब्दशः घ्यावा.

मोठ्या आजारासाठी सिंधुदुर्गातले लोक वर्षानुवर्षे गोव्यातल्या बांबोळीला, तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जात आले. २०१८ पासून तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. सिंधुदुर्गात २०२१ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गणेशोत्सवात चाकरमान्यांसाठी मुंबई-गोवा महामार्गावर तात्पुरती वैद्यकीय पथके बसतात. विसर्जनानंतर ती उठतात.