लंगर अडकला? आधी सुतळी पाहा

"दादा, लंगर अटकी गया." पाणी थोडं उतरलं की दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. पुढचं आम्हाला पाठ आहे: खूप ओढलं, शेवटी दोर कापला, आता नवा लंगर द्या. नवा लंगर विकायला आमची ना नाही. पण दहापैकी बहुतेक वेळा तो निघाला असता, म्हणून हा कागद.

आमच्या लंगराला दोन कड्या असतात. एक दांड्याच्या वरच्या टोकाला, दुसरी खाली आकड्यांच्या बुडाशी. दोर आम्ही खालच्या कडीला पक्का बांधतो, दांड्यालगत वर आणतो आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीच्या तीन वेढ्यांनी अडकवतो. होडी उभी असताना ओढ वरच्या कडीवर येते, आकडे धरून राहतात. अडकल्यावर जोर लावला की सुतळी तुटते, ओढ एकदम खाली बुडाशी जाते आणि लंगर उलटा होऊन, जसा शिरला तसाच मागे निघतो.

आणि लोक नेमकी हीच सुतळी काढतात! एका ग्राहकाने तिथे नायलॉनचे सात वेढे मारले होते, वर गाठ मेणबत्तीने वितळवून पक्की केली होती. लंगर गेला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तो त्यालाच सापडला, बुडालेल्या बाभळीच्या खोडात, गाठ जशीच्या तशी. सुतळी ही आमची काटकसर नाही, ती तुटण्यासाठीच आहे. पाण्यात ती कुजते, म्हणून पंधरा दिवसांनी बदला. रात्रभर होडी बांधून ठेवायची असेल किंवा वारा जोराचा असेल, तर मात्र वरच्या कडीला गाठच मारा, नाहीतर सुतळी नको तेव्हा तुटेल.

आता काढायची रीत. होडी पुढे घेत दोर गोळा करा, अगदी लंगराच्या डोक्यावर या. दोर सरळ उभा झाला की ओढा. नाहीच आला, तर दोर होडीच्या तोंडाला बांधा आणि लंगर टाकला होता त्याच्या उलट दिशेने मशीन हळू चालवा. दोर मागच्या बाजूला बांधून जोर लावू नका. मागची कड दबते आणि पाणी आत येतं. हाताला दोराचे वेढेही घेऊ नका.

हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवकडे, तापी-पूर्णेचा गाळ बसला आहे. तिथे लंगर अडकत नाही, चिकटतो. हिसके मारून उपयोग नाही. दोर ताठ करून तोंडाला बांधा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ओढ राहू द्या. गाळ सोडतो. उकाई धरणाच्या फुगवट्यात, नवापूरच्या बाजूला, जुनी झाडं आणि घरांचे पाये पाण्याखाली आहेत. तिथे बुडाच्या कडीला वेगळा बारीक दोर बांधून वर रिकामा कॅन सोडा. मुख्य दोर हटला नाही तर कॅनच्या दोराने काढा.

आकडे वाकले की काही जण म्हणतात, माल कच्चा. आकड्यांना मऊ सळई आम्ही मुद्दाम घेतो. खोडात अडकलेला आकडा सरळ होऊन निघावा, ही अपेक्षा. वाकलेला आणा, ठोकून देतो, पैसे नाहीत.

दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवा. 20 फुटांना 100 फूट. तरंगणारा स्वस्त प्लास्टिकचा दोर मशीनच्या पंख्यात जातो. बुडणारा नायलॉन महाग पडतो, पण आम्ही तोच ठेवतो.

धरणाचे दरवाजे उघडल्याचा इशारा आला आणि लंगर सुटत नसेल, तर विचार न करता दोर कापा. लंगर पुन्हा बनवू.

येताना जुना दोर सोबत आणा. सुतळी बांधून दाखवायला दोन मिनिटं लागतात.