अंगकोरची देवळं पाहायला जाताना: पासपोर्टपासून देवळाच्या पासपर्यंत

कंबोडियातल्या अंगकोर वाटच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचं शिल्प आहे. लांबी जवळजवळ 49 मीटर. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मध्ये वासुकी ताणलेला, आणि मधोमध विष्णू, खाली कूर्म. पश्चिमेच्या ओवरीत एका अंगाला कुरुक्षेत्र आहे, शरपंजरी पडलेल्या भीष्मांसकट, आणि दुसऱ्या अंगाला लंकेचं युद्ध. राजा दुसरा सूर्यवर्मन यानं बाराव्या शतकात हे विष्णुमंदिर उभारलं. मराठी घरातल्या माणसाला तिथे गाईडशिवायही अर्धीअधिक गोष्ट कळते, म्हणून घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जावं असं हे ठिकाण आहे, असं मला मनापासून वाटतं.

कागदपत्रांचं काम अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी पासपोर्ट, मग विमानाचं तिकीट, मग व्हिसा, आणि निघायच्या आठवड्यात आगमनाचा ऑनलाइन फॉर्म. आमच्या घरी हा क्रम एकदा उलटा झाला होता. ते पुढे सांगते.

पासपोर्ट आणि त्यावरचं नाव

कंबोडियात पोचाल त्या दिवसापासून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीच्या तारखेपर्यंत मुदत आहे एवढं पुरत नाही. शिक्क्यासाठी कोरी पानंही हवीत. मुदत कमी असेल तर पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर पुनर्जारीचा अर्ज करायचा. मोठ्यांसाठी 36 पानी पासपोर्टचं शुल्क 1500 रुपये, 60 पानीचं 2000, आणि तत्काळ हवा असेल तर वर आणखी 2000. शुल्क भरलं की भेटीची वेळ मिळते. मुंबईकरांना लोअर परळ, अंधेरी, मालाड आणि ठाण्याची सेवा केंद्रं सोयीची पडतात. पंधराखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तेवढ्याच मुदतीचा असतो. त्यामुळे पाचवीत काढलेला पासपोर्ट दहावीच्या सुट्टीत चालेल असं गृहीत धरू नका. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पत्त्याकडे लक्ष द्यावं. आधारवर गावचा पत्ता आणि राहायला कांदिवलीत, असं अनेकांचं असतं. अर्जात सध्या जिथे राहता तोच पत्ता लिहायचा आणि पुरावाही त्याच पत्त्याचा जोडायचा. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार चालतो. पडताळणीला पोलीस त्याच पत्त्यावर विचारपूस करतात.

आता नाव. पासपोर्टवर नावाच्या दोन चौकटी असतात, एक आडनावाची आणि एक नावाची. आपल्याकडे स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या चौकटीत जातं. जुन्या पासपोर्टांत कधी कधी तिन्ही नावं एकाच चौकटीत छापलेली असतात आणि आडनावाची जागा रिकामी असते. माझ्या सासूबाईंचा पासपोर्ट तसाच होता. एजंटनं तिकीट आधारवरून काढलं, आम्ही व्हिसाचा अर्ज तिकिटावरून भरला, आणि पासपोर्टचं ते पान नीट कोणी पाहिलंच नाही. नाव जुळेना. तिकीट दुरुस्तीचे पैसे गेले, व्हिसाचं शुल्क दुसऱ्यांदा भरावं लागलं, आणि त्या बिचाऱ्या आठ दिवस ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ म्हणत राहिल्या. चूक त्यांची नव्हती.

म्हणून सांगते: या प्रवासात पासपोर्टवर छापलंय तेच तुमचं नाव. आधार, पॅन, बँकेचं पासबुक यांवर काहीही असो. तिकीट काढताना पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा. लग्नानंतर नाव बदललंय पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे आणि मुदतही भरपूर आहे, तर त्याच नावानं खुशाल जा, अडचण येत नाही. नाव बदलूनच घ्यायचं असेल तर सहसा विवाह प्रमाणपत्र लागतं. ते काढलेलं नसेल तर महापालिकेच्या तुमच्या विभाग कार्यालयात विवाहनोंदणी होते. त्यात वेळ जातो, तेव्हा सहलीच्या तोंडावर हे काढू नका. आडनावाची चौकट रिकामी असेल तर तिकिटावर नाव कसं घालायचं हे आधी विमान कंपनीला विचारून घ्या.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी दोन वाटा आहेत, ई-व्हिसा आणि विमानतळावर उतरल्यावर मिळणारा व्हिसा. दोन्हींवर एकदाच प्रवेश आणि 30 दिवसांपर्यंत मुक्काम. उतरल्यावर घ्यायच्या पर्यटक व्हिसाचं शुल्क 30 डॉलर. ते रोख डॉलरमध्ये द्यायची तयारी ठेवा, सोबत एक छायाचित्र बाळगा. ई-व्हिसा मिळाल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, तेव्हा हौसेनं सहा महिने आधी काढू नका. निघण्याच्या महिनाभर आधी अर्ज केला की पुरे. कामकाजाचे तीनेक दिवस लागतात.

ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर मी ई-व्हिसाच घ्या म्हणेन. रात्रभर प्रवास करून आल्यावर रांगेत फॉर्म भरत उभं राहणं त्यांना नको होतं. अर्जाला पासपोर्टच्या फोटोच्या पानाची स्वच्छ प्रत, पांढऱ्या पार्श्वभूमीचं अलीकडचं छायाचित्र, हॉटेलचं नाव-पत्ता, ईमेल आणि परदेशी व्यवहार सुरू केलेलं कार्ड लागतं. पासपोर्टची प्रत मोबाइलनं काढताना फ्लॅशची चमक खालच्या दोन ओळींवर येऊ देऊ नका. प्रत्येकाचा, अगदी लहान मुलाचाही, अर्ज वेगळा.

अर्ज कंबोडिया सरकारच्याच संकेतस्थळावर करा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट केएच’ आहे ना, एवढं पाहा. नकाशे, झेंडे लावून अगदी सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं शोधात वर येतात आणि जास्तीचे पैसे घेतात.

याखेरीज ‘कंबोडिया ई-अरायव्हल’ हा फॉर्म विमानानं येणाऱ्यांना 1 सप्टेंबर 2024 पासून भरावाच लागतो. पोचण्याच्या आधीच्या सात दिवसांत भरायचा, फुकट आहे. शेवटी क्यूआर कोड येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. हा फॉर्म म्हणजे व्हिसा नव्हे. दोन्ही लागतात.

वाटेतला देश

मुंबईहून अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराला जाताना बहुतेक वेळा बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर किंवा व्हिएतनाममध्ये विमान बदलावं लागतं. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि सामान थेट शेवटपर्यंत जात असेल तर सहसा बाहेर पडायची गरज नसते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर सामान घ्यायला त्या देशात प्रवेश करावा लागू शकतो, आणि मग तिथले नियम लागू होतात. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे, व्हिएतनामसाठी आपल्याला व्हिसा लागतो. तिकिटात वाचवलेले पैसे तिथे जातात.

बँकॉक पाहून बसनं सीमेवरच्या पॉयपेटमार्गे अंगकोर, हा जुना बेत सध्या आखू नका. 2025 मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या आणि जमिनीवरचे नाके बंद झाले. याच कारणासाठी सीमेलगतचं प्रेअ विहिअर हे डोंगरावरचं शिवमंदिरही आत्ता यादीतून काढा, कितीही मोह झाला तरी.

पैसे

परकीय चलन घेताना पॅन आणि पासपोर्ट लागतो, व्हिसा आणि तिकिटाची प्रत जवळ ठेवा. एका प्रवासाला नोटांच्या रूपात 3000 डॉलरपर्यंत नेता येतात. कंबोडियाचं चलन रिएल, पण डॉलर सर्रास चालतात. फाटकी, चिकटवलेली किंवा लिहिलेली डॉलरची नोट तिथे घेत नाहीत. काउंटरवरच प्रत्येक नोट उलटून पाहा आणि सुट्टे मागा.

देवळांचा पास

अंगकोर वाट, बायॉन, ता प्रोह्म, बांतेय स्रेई या सगळ्यांना एकच पास. एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत केव्हाही वापरता येतो, सलग तीन दिवस जायची सक्ती नाही. मला हाच सर्वांत योग्य वाटतो: एक दिवस चालायचं, एक दिवस पाय पसरून बसायचं. एका दिवसात सगळं उरकणाऱ्यांची मला हळहळ वाटते. 967 साली प्रतिष्ठापना झालेलं बांतेय स्रेईचं गुलाबी दगडातलं कोरीवकाम धावत पाहण्यासारखं नाही. ता प्रोह्मच्या जीर्णोद्धारात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हात आहे, तिथेही थांबा.

पासवर तुमचा फोटो छापतात, म्हणून तो दुसऱ्याला देता येत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वय दाखवायला त्यांचा मूळ पासपोर्ट जवळ हवा. पवित्र नोम कुलेन डोंगराचं तिकीट मात्र वेगळं.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम पुरुषांनाही आहे. खांद्यावर नुसती ओढणी टाकून चालेलच असं नाही, बाह्यांचा कुर्ता घाला. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या बाकान या भागाचा जिना फार चढा आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे सोडत नाहीत आणि उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या पवित्र व्रताच्या, दिवशी तो बंद असतो. गुडघे दुखणाऱ्यांना खालीच बसवा. समुद्रमंथन खालच्याच ओवरीत आहे.